शेताच्या कडेचे देणे

बुधवारी, १८ फेब्रुवारीला, कोल्हापुरातल्या कॅथलिक भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस उमटला. ही राख कुठल्याही चुलीतली घेत नाहीत. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी हातात धरून मिरवलेल्या झावळ्या जपून ठेवलेल्या असतात. त्या गोळा करून जाळतात आणि त्यांची राख करतात. वर्षापूर्वीचा जयजयकार चिमटीत मावेल एवढा होऊन कपाळावर येतो. शहरातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत राख लावण्याची चाल सगळीकडे नाही, पण उपवासकाळ, म्हणजेच लेंट, त्याही पाळतात. ५ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवस.

यंदा रमजानचे रोजेही याच आठवड्यात सुरू झाले. एकाच गावातले दोन समाज एकाच वेळी उपास धरून आपल्या देवापुढे उभे आहेत, आणि दोघांच्याही धर्मात उपवासाच्या जोडीला गरिबाचा वाटा बांधून दिलेला आहे. म्हणून आज या वाट्याविषयी लिहायचे आहे. विशेषतः ख्रिस्ती शिकवणीतल्या वाट्याविषयी, कारण पावणेदोनशे वर्षे या करवीरनगरीत राहूनही ती शिकवण शेजाऱ्यांना फारशी ठाऊक नाही.

राखेच्या बुधवारी उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. येशू डोंगरावर बसून शिष्यांना शिकवतो, त्यातला हा भाग. त्यात तीन गोष्टी येतात: दान, प्रार्थना आणि उपवास. तिन्हींबद्दल सांगणे एकच की गुपचूप करा. दान करताना चौकात कर्णे वाजवू नका. एका हाताने दिलेले दुसऱ्याला कळू देऊ नका. क्रम पाहिला तर दान सगळ्यात आधी आहे, उपवास शेवटी. आपल्या बोलण्यात मात्र तो उलटा झाला आहे. लेंट म्हटले की कोणी काय सोडले याचीच चर्चा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या गावात चाळीस दिवस मटणाला हात न लावणे हा खरा निग्रह आहे आणि तो पाळणाऱ्यांबद्दल मनात आदरच आहे. पण सोडलेल्या ताटाची किंमत गरिबाच्या हातावर ठेवायची, तरच तो उपवास पुरा, ही चर्चची फार जुनी शिकवण. यशया संदेष्टा तर त्याही पलीकडे जातो. मान वाकवून, गोणपाट नेसून केलेला उपवास देवाला नको. अन्यायाची जोखडे मोडणे आणि भुकेल्याबरोबर आपली भाकरी वाटून घेणे हाच त्याला हवा असलेला उपवास, असे तो बजावतो.

त्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात एक शब्द आहे आणि त्यावर थांबण्यासारखे आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तिथे जो शब्द येतो त्याचा अर्थ नीतिमत्त्व, धर्माने वागणे, न्याय असा आहे. नंतरच्या अनेक हस्तलिखितांत त्याच जागी दानधर्म असा शब्द दिसतो. नक्कल करणाऱ्यांच्या कानाला या दोन शब्दांत फारसे अंतर वाटत नसावे, आणि त्याला कारण होते. येशू ज्या लोकांत वाढला त्यांच्या हिब्रू भाषेत 'त्सदाका' हा शब्द आहे. जुन्या करारात त्याचा अर्थ नीतिमत्त्व, न्यायाने वागणे असा. पुढे यहुदी लोक गरिबाला द्यायच्या मदतीलाच त्सदाका म्हणू लागले. अरबीतला सदका त्याच धातूचा भाऊ. सदका म्हणजे काय हे कोल्हापूरच्या पेठांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बाबेलच्या बलाढ्य राजाला दानीएल पापातून सुटायची वाट सांगतो, तेव्हाही याच धातूचा शब्द वापरतो आणि त्याच्या शेजारी गरिबांवरची दया ठेवतो. ११२ वे स्तोत्र नीतिमान माणसाचे वर्णन करते ते असे, की तो उसने देतो, व्यवहार सचोटीने करतो, हात सैल सोडून गरिबांना वाटतो. आणि त्याचे नीतिमत्त्व टिकते. यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथकरांकडून वर्गणी गोळा करताना पौलाला हेच स्तोत्र आठवले.

न्याय आणि दान एका शब्दात कसे बसतात, हे मराठी माणसाला कळायला जड जाऊ नये. आपल्याकडे 'देणे' हे क्रियापदही आहे आणि नामही. देणे म्हणजे हात पुढे करून दुसऱ्याला काही देणे. आणि वाण्याच्या वहीत देणे म्हणजे थकलेली बाकी, जी फेडायचीच आहे. एखादा म्हणतो, 'मला त्याचं देणं आहे', तेव्हा तो उपकाराची भाषा बोलत नसतो. बायबलमधले दान या दुसऱ्या अर्थाचे देणे आहे. चौथ्या शतकात कैसरियाच्या बेसिलने दुष्काळात आपल्या गावच्या धनिकांना सुनावले ते हेच: तुमच्या कपाटात पडून असलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतला अंगरखा उघड्याचा आहे. आपल्या मालकीचे काही गरिबांना न देणे म्हणजे त्यांची चोरी, असे त्याच काळातल्या योहान क्रिसोस्तोमने सांगितले. देवळातली वेदी सोन्याने मढवायची आणि दाराशी भाऊ थंडीने कुडकुडत ठेवायचा, यावर त्याचा फार राग होता. तुकोबांनी बापजाद्यांच्या सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. बेसिल आणि तुकोबा यांच्या मध्ये बाराशे वर्षे आणि हजारो कोसांचे अंतर आहे, पण दोघांनी हात घातला तो एकाच वहीला.

आणि आता सरवा. हा शब्द शहरातल्या मुलांना परका होत चालला आहे. पीक कापून, काढून नेल्यावर रानात जी कणसे, लोंब्या, शेंगा मागे राहतात तो सरवा. मराठी बायबलमध्ये हाच शब्द आहे. लेवीय पुस्तकातले नियमशास्त्र शेतकऱ्याला सांगते की शेताचा कानाकोपरा खरडून कापू नकोस, कापणीचा सरवा वेचू नकोस, द्राक्षमळ्यात गळून पडलेले द्राक्ष उचलू नकोस; ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. 'अनुवाद' या पुस्तकात आणखी एक बारकावा आहे. एखादी पेंढी शेतात विसरून राहिली तर ती आणायला माघारी जायचे नाही. या नियमात मालक कोणाच्या हातावर काही ठेवत नाही. गरीब स्वतः येतो, वाकतो, वेचतो, आपल्या कष्टाचे घेऊन जातो. त्याला दारात उभे राहावे लागत नाही, आपली कहाणी सांगावी लागत नाही, कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. शेताची कड त्याचीच आहे.

रूथची गोष्ट या सरव्यावरच उभी आहे. परमुलखातून आलेली मवाबी विधवा, सासूच्या सोबतीने बेथलेहेमात येते आणि बवाजाच्या जवाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते. बवाज आपल्या गड्यांना हळूच सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गाळत जा आणि तिला बोलू नका. देणे कसे असावे याचा इतका देखणा नमुना दुसरा सापडणे कठीण. तिला वाटावे की मी वेचले. पुढे याच रूथच्या वंशात दावीद जन्मला आणि त्याच्या वंशात येशू, असे मत्तयाची वंशावळ सांगते.

लहानपणी आजोळी, पन्हाळ्याच्या पायथ्याला, भुईमूग काढून झाला की दुसऱ्या दिवशी गावातल्या चार-पाच बाया खुरपी घेऊन येत. उकरलेल्या मातीत बोटे घालून राहिलेल्या शेंगा शोधत. ओटी भरली की बांधावर ओतत आणि पुन्हा वाकत. मातीने बोटे लाल, नखे भरलेली. काढणी चालू असतानाच आजोबा माणसांना सांगत, 'समदं खरवडून काढू नगा, मागनं येणाऱ्यास्नी ऱ्हाऊ द्या.' बाया आल्या की ते मुद्दाम दुसऱ्या रानाकडे निघून जात. आजोबांनी बायबल कधी हातात धरले नव्हते. त्यांना ते त्यांच्या बापाकडून आले होते. आज काढणीचे यंत्र फिरते, मजुरी परवडत नाही म्हणून आम्हीही रान झाडून-पुसून काढतो, आणि मागे राहते ते फक्त ढेकूळ.

ख्रिस्ती मंडळ्यांतला कापणीचा सण मात्र अजून त्या जुन्या रानाची आठवण ठेवून आहे. शेतकरी भात, गहू, उसाची मोळी, केळीचा घड घेऊन चर्चमध्ये येतात. कोणी कोंबडी आणते, कोणी परातीत अंडी. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. अशाच एका लिलावात एक काशीभोपळा तीनदा विकला गेला. घेणाऱ्याने मोल मोजले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला. दुसऱ्यानेही तेच केले. रांगेत मागे एक म्हातारी उभी होती. तिने पदराची गाठ सोडली, घडी घालून घालून मऊ झालेली नोट काढली आणि लिलाव करणाऱ्याकडे न जाता थेट अर्पणाच्या थैलीत टाकली. तिने काही विकतही घेतले नाही. मंदिराच्या दानपेटीपाशी बसून येशूने जिच्याकडे बोट दाखवले ती विधवा अशीच असणार. श्रीमंतांनी उरल्यातले टाकले, तिने दोन दमड्या टाकल्या आणि त्याच तिच्या जगण्यापुरत्या होत्या.

कोणी प्रॉटेस्टंट वाचक इथे हटकेल, आणि त्याने हटकायलाच हवे. तारण कृपेने होते, विश्वासाने होते, कर्मांनी नाही. दानाने नीतिमत्त्व विकत मिळत असते तर १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरला पापक्षमेच्या चिठ्ठ्यांविरुद्ध उभे राहायचे कारणच नव्हते. हे सगळे खरे आहे. पण त्याच बायबलात याकोबाचे पत्रही आहे. उघड्या-उपाशी भावाला आशीर्वाद देऊन रिकाम्या हाताने वाटेला लावणारा विश्वास मेलेला, असे ते रोखठोक म्हणते. देणे हा शब्द दुसऱ्या अर्थाने घेतला तर हा वाद बराचसा मिटतो. कर्ज फेडणाऱ्याला कोणी पुण्यवान म्हणत नाही. न फेडणाऱ्याला मात्र बुडव्या म्हणतात. गरिबाला दिल्याने देवापुढे आपली पत वाढते असे मानण्याचे कारण नाही. पण न देणारा देवापुढे ताठ कसा उभा राहील, हा प्रश्न उरतोच. जक्कयाची गोष्ट हेच सांगते. येशू स्वतःहून जकातदार जक्कयाच्या घरी उतरतो, तेव्हा जक्कय उठून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवून घेतले त्याला चौपट परत करतो. एकाच दमात दान आणि परतफेड. फसवलेल्यांचे चौपट राहूच दे आणि अर्धी मालमत्ता तेवढी दान कर, अशी सवलत त्याला कोणी दिलेली नाही.

कोल्हापुरात ही शिकवण कशी आली? रॉयल गूल्ड वायल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ च्या डिसेंबरात इथे आला. त्याच्या नावाचे वायल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात उभे आहे. त्याने शाळा काढल्या, आणि शाळांवरूनच त्याचे आपल्या वरिष्ठांशी बिनसले. मिशनऱ्याने उपदेश करावा, मंडळ्या स्थापाव्यात, शाळांच्या फंदात फार पडू नये, असे त्याला पाठवणाऱ्या बॉस्टनच्या मंडळाचे त्या वेळचे धोरण होते. वायल्डरला ते पटले नाही. मंडळाचा आधार सुटला तरी तो १८६१ मध्ये आपल्या जबाबदारीवर कोल्हापुरात परतला. पुढे १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने हे काम आपल्याकडे घेतले. पगाराची हमी नसताना परक्या मुलखात शाळा धरून राहणे, हे त्या माणसाचे मोठे काम असे आमचे मत आहे. त्याच्या प्रवचनांपेक्षाही मोठे.

याच मिशनमधून विल्यम वॉन्लेस हा तरुण कॅनेडियन डॉक्टर १८८९ मध्ये आला आणि त्याने १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे केले. पुढे दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात दुखणे हाताबाहेर गेले की घरची माणसे म्हणत, 'मिरजेला न्या.' संस्थानिक आणि सावकार तिथे भरघोस फी मोजत आणि त्या पैशावर फाटक्या अंगाच्या रुग्णाची शस्त्रक्रिया होई. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यावे, नाही त्याच्यासाठी वापरावे, आणि दोघांनाही त्याच टेबलावर निजवावे, असा तो साधा हिशेब. कोल्हापुरातले मेरी वॉन्लेस हॉस्पिटल त्याच्या पत्नीचे नाव आजही चालवते. त्या काळातल्या दुष्काळांनी आई-बाप हिरावलेली लेकरेही मिशनच्या ठाण्यांनी सांभाळली. पंडिता रमाबाईंनी केडगावला उपाशी मुलींसाठी मुक्तीचे दार उघडले तेही याच काळात.

याला एक दुखरी बाजू आहे आणि ती झाकून लिहिणे बरोबर नाही. दुष्काळातल्या भाकरीबरोबर धर्म आला, हा आरोप मिशनांवर दीडशे वर्षे होतो आहे. जिथे धान्याच्या मापाला अट बांधलेली होती तिथे तो आरोप खराच आहे, आणि अशी अट घालणाऱ्याने मत्तयाचा सहावा अध्याय पायदळी तुडवला, हे ख्रिस्ती माणसानेच सगळ्यांत आधी म्हटले पाहिजे. पण याच आरोपातून दुसरा अन्याय होतो. जे पूर्वास्पृश्य कुटुंबांतून ख्रिस्ती झाले त्या सगळ्यांना 'पोटासाठी बाटलेले' म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय लागली. त्यांना भाकरीबरोबर शाळेचे बाकही हवे होते, ज्या दारातून आत जाता येईल असे दार हवे होते. माणूस भुकेला असला तरी त्याला मन असते, विचार असतो, हे न मानणे हा गरिबाचा अपमानच आहे. मग तो अपमान देणाऱ्याने केलेला असो की आरोप करणाऱ्याने.

दानाच्या गोष्टी सांगताना आणखी एक जण नेहमी विसरला जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळक, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणारे कवी, हाताचे फार सैल होते. हातात पैसा आला की तो कोणाच्या तरी गरजेला जाई. त्यांचे हे देणे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त सांगितले आहे, आणि त्याबरोबर घरात काय शिल्लक राहिले तेही. दार ठोठावणाऱ्याला मिळते ते कोणाच्या ताटातून जाते, हा प्रश्न त्या पुस्तकात पानोपानी आहे. घरातल्या बाईच्या पोटाला चिमटा काढून पुरुषाने मिळवलेले दातृत्व ऐकायला गोड लागते. पण हिशेब त्या बाईने ठेवलेला असतो आणि तो वाचायला हवा.

याच शहरात राजर्षी शाहू महाराजांनी देण्याचा न्याय राज्यकारभारात आणला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामावरच्या आयांच्या लेकरांसाठी पाळणाघरे चालवली. पण त्यांनी अन्नछत्रावर भागवले नाही. १९०१ पासून जातीजातींची, धर्माधर्मांची वसतिगृहे उभी राहिली. १९०६ चे मुस्लिम बोर्डिंग, १९०८ चे अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग, १९१५ चे इंडियन ख्रिश्चन हॉस्टेल ही त्याच माळेतली. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हे दान नव्हते. शेताची कड ज्याची त्याला मोजून देणे होते, तीही सातबाऱ्यावर नोंदवावी तशी, राजपत्रात छापून. मोशेच्या नियमशास्त्रात सरव्याचा हक्क जसा कायद्याने दिला, तसाच. शाहू महाराजांना आपण लोकराजा म्हणतो ते त्यांनी पुष्कळ दिले म्हणून म्हणत असू, तर आपल्याला ते नीट कळले नाहीत. त्यांनी ज्याचे त्याला परत केले.

कोल्हापूरकर देतो, यात शंका नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ५५ फुटांची रेषा ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोळ आणि करवीर तालुक्यांतली गावेच्या गावे पाण्यात गेली. त्या दिवसांत तालमी, मंडळे, मंदिरे, मशिदी, चर्च, मंगल कार्यालये, सगळीकडे चुली पेटल्या. जनावरांना चारा आला, लेकरांना दूध आले, कोणी कोणाची जात विचारली नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पण २०१९ च्याच पुरात मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटली आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. घालवत नाहीत अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले. साडी घेणारी बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहावी म्हणून तिला दोनदा सांगितले गेले. चौकातला कर्णा दोन हजार वर्षांत खिशात मावेल एवढा झाला आहे. देताना फोटो काढणाऱ्याने एकदा त्या बाईच्या जागी स्वतःच्या आईला उभे करून पाहावे.

पूर वर्षाला येत नाही. ऊसतोड वर्षाला येते. आज हे लिहिताना जिल्ह्यात गाळपाचा हंगाम संपत आला आहे. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या टोळ्या अजून फडात आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीआधी मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षीच्या अंगावर. पहाटेच्या गारठ्यात बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेते, वाढे बाजूला काढून विकते आणि संध्याकाळी उघड्यावर चूल पेटवते. खोपीत थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते. साखरशाळा झाल्या, योजना झाल्या, तरी फडाच्या बांधावर शाळेच्या वेळेत मुले दिसतात; गाडी थांबवून पाहणाऱ्याला दिसतात.

शेतकऱ्याच्या तक्रारी खोट्या नाहीत. उचल घेऊन मुकादम पळून जातो, खुशालीच्या नावाखाली पैसे मागितले जातात, तोड वेळेवर मिळत नाही, उसाचे बिल अडकते. हे सगळे मान्य करूनही मोशेचे नियमशास्त्र मजुराबद्दल एक अट घालते, ती टाळता येत नाही: त्याची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. आणि याकोबाचे तेच पत्र कापणी करणाऱ्यांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीबद्दल बोलते. ती मजुरी स्वतःच ओरडते, आणि ते ओरडणे देवाच्या कानी पोचते. कापणाऱ्यांची थकलेली मजुरी बाकी ठेवून उपवास धरता येतो का, कोणताही उपवास, लेंटचा, रोज्याचा, महाशिवरात्रीचा? आमचे उत्तर नाही असे आहे. आधी देणे, मग दान. साखरेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या जिल्ह्यात देवळांना कळस चढतात, चर्चना रंग लागतो, मशिदींना मिनार येतात. या सगळ्यांच्या पायात त्या कोयत्याची बाकी असेल तर क्रिसोस्तोमने अंताकियात जे बजावले ते इथेही लागू आहे.

म्हणून या चाळीस दिवसांत ख्रिस्ती मंडळ्यांना, आणि त्यांच्याबरोबर सगळ्याच कोल्हापूरकरांना, एवढेच मागणे आहे. घरात धुणे-भांडी करणाऱ्या बाईंची, रखवालदाराची, ड्रायव्हरची, दुकानातल्या पोऱ्याची बाकी काढून बघा आणि ती आधी द्या. खोपीतल्या एखाद्या मुलाला जवळच्या शाळेच्या दारापर्यंत पोचवा. ते शिक्षकाशी बोलून, त्या आईला विचारून, फोटो न काढता करा. कारखानदारांनी, ठेकेदारांनी आणि मुकादमांनी टोळ्यांचे हिशेब कोयत्यागणिक, बाईच्या समोर, तिला समजेल असे वाचून दाखवावेत. १९ मार्चला पाडवा आहे. त्याच्या आगेमागे ट्रॅक्टर परतीच्या वाटेला लागतील. त्याआधी त्यांचे देणे त्यांच्या हातात पडू द्या.